अर्ध्या घमेल्याचा अर्ज

अर्ध्या घमेल्यासाठी सरकारकडे रीतसर अर्ज करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

अर्जाचा विषय असा होता : ‘घरगुती मत्स्यटाकीच्या तळाशी अंथरण्यासाठी नदीची वाळू अर्धे घमेले मिळणेबाबत.’ खाली महोदय, खाली कारण, खाली टाकीची लांबी-रुंदी, खाली सही, आणि सहीच्या खाली कंसात ‘सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर’. ज्या नदीतून रोज टिप्परच्या टिप्पर भरून वाळू जाते, अर्ज नाही, पावती नाही, लाज नाही, त्याच नदीच्या अर्ध्या घमेल्यासाठी हा माणूस तीन महिने कचेरीच्या बाकावर बसला. हे मी हसण्यासाठी सांगत नाही. ज्यांना हसू येतं त्यांचा मला राग येतो. पहिल्यांदा मलाही आलं होतं, त्याचाही येतो.

मी शिरड शहापूरकडची. तालुक्याच्या गावी खोली घेतली ती वाळूउपशाच्या विरोधातल्या कामासाठी. आम्ही सात-आठ पोरं-पोरी होतो. पत्रकं छापायची, बाजाराच्या दिवशी वाटायची, कचेरीत निवेदनं द्यायची. तालुक्याचं आणि नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यातला कुठलाही तालुका धरा, कुठलीही नदी धरा, वाळू तशीच जाते.

खोली तीन ठिकाणी नाकारली गेली. पोरगी एकटी, वर आंदोलनवाली. चौथ्या घराच्या दारात खाकी कोट घातलेला एक म्हातारा माणूस उभा होता. कोटाला खिशाजवळ आम्लाने पडलेली तीन भोकं होती. त्याने माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, काय काम करतेस तेही विचारलं नाही.

“तुला काच धुता येती का?”

“येते.”

“मग ये.”

आतून काकू ओरडल्या, “अवो, जेवली का ते विचारा आधी! काच कुठं पळून चालली का?”

त्या घरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, ती सवय निवृत्त झाली नाही. मिठाच्या बरणीवर ‘मीठ. पाण्यात पूर्ण विरघळते.’ हळदीवर ‘अल्कली लागल्यास लाल.’ तिखटावर ‘डोळ्यांपासून दूर ठेवावे.’ काकू रोज त्या चिठ्ठ्यांशी भांडत. “चाळीस वर्षं झाली मला सैपाक करून. ह्यांनी चिठ्ठी लावली म्हणून आता मला तिखट कळून राहिलं!” पण एकही चिठ्ठी त्यांनी काढली नव्हती. एखादी भिजून फाटली की त्याच नवी मागून घेत.

शाळेत विज्ञानाचे शिक्षक आले आणि बदलून गेले. प्रयोग काकांनी केले, सह्या शिक्षकांनी केल्या. पोरांना बेडकाचं काळीज कुठं असतं ते काकांनी दाखवलं, आणि निकालाचे हार दुसऱ्यांच्या गळ्यात पडले. निरोप समारंभात भाषण करणाऱ्याने त्यांना ‘आमचे प्रामाणिक शिपाई’ म्हटलं. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, “परिचर,” म्हणाले आणि बसले. तेवढंच त्यांचं भाषण. ते सांगताना काकूंना हसू यायचं, मला संताप यायचा, आणि काका म्हणायचे, “त्यानं चूक शब्द वापरला. आपण बराबर शब्द सांगितला. आता रागवायचं काहून?”

माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानाने त्यांना दिलं. वर ठळक अक्षरात होतं, ‘वाळूचोरांनो, नदी तुमच्या बापाची नाही!’ काकांनी लाल पेन्सिल काढली. शेवटपर्यंत वाचलं. मग मथळ्याखाली रेघ मारून म्हणाले, “हा झाला निष्कर्ष. निरीक्षण कुठं हाय?”

“काका, साऱ्या गावाला दिसतंय की!”

“गावाला दिसतं. कागदावर दिसत न्हाई. किती वाजता, कुठं, काय पाहिलंस? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अन् मग निष्कर्ष. तू शेवटून सुरू करून राहिलीस.”

“हे काय प्रयोगवही आहे?”

“न्हाई ना. म्हणून तर ते लोक फाडून फेकतात.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाट सरता सरता त्यांनी दार वाजवलं आणि मला रस्त्यावर नेलं. डांबरावर पाण्याची एक बारीक रेघ होती. नदीकडून आलेली, कचेरीच्या फाटकासमोरून गेलेली, पुढे वळणाआड. नदीतून नुकतीच काढलेली वाळू ओली असते, टिप्पर गळत जातो, त्याची ती रेघ. काकांनी खिशातून वही काढून मला दाखवली. कितीतरी दिवसांच्या नोंदी होत्या. ‘सव्वासहा : ओली. सात : ओली. साडेआठ : वाळली.’ पानामागून पान, फक्त एवढंच. निष्कर्षाची जागा प्रत्येक पानावर कोरी.

“हे कधीपासून लिहून राहिले तुमी?”

“फिरायला जातो ना रोज. दिसतं ते लिहितो.”

मला वाटलं, ही वही घेऊन हा माणूस घरात बसतो कसा? ओरडत का नाही?

आता टाकीविषयी. इतरांच्या घरात टीव्ही असतो त्या जागी बैठकीत तीन फुटांची काचेची टाकी होती. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याने हौसेने नांदेडहून आणली होती. तळाला निळे खडे, एक प्लास्टिकचा किल्ला, दोन सोनेरी मासे. मासे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या टाकीत गेले, किल्ला काकूंनी तुळशीत ठेवला. टाकीत राहिल्या त्या सात मुऱ्या.

मुरी म्हणजे बोटभर लांबीचा नदीतला मासा. रंग वाळूचाच, अंगावर ठिपके, तोंडाला मिशा. दिवसभर वाळूत अंग पुरून राहते, वर फक्त डोळे. काकांचं मूळ गाव नदीकाठचं. ते सांगायचे, लहानपणी पाण्यात पाय टाकला की तळव्याखालून मुऱ्या सुळकन निसटायच्या, गुदगुल्या व्हायच्या. चार उन्हाळ्यांपूर्वी ते गावी गेले तर घाटाखाली वाळूच नव्हती. यंत्राने खरवडून खालचा खडक उघडा पडलेला. एका खड्ड्यात हातभर गढूळ पाणी होतं, त्यात ह्या सात मुऱ्या तडफडत होत्या. काकांनी त्या जेवणाच्या डब्यात आणल्या. डब्यातली भाजी-भाकरी त्यांनी कुत्र्याला घातली होती, हे काकू अजून विसरलेल्या नाहीत.

“मुऱ्या ठेवून घ्यायच्या न्हाईत,” काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “घाटाला वाळू आली की परत सोडायच्या. आपण फक्त सांभाळून राहिलो.”

पण सांभाळणंही नीट होत नव्हतं. मुरी खड्यांत शिरू शकत नाही. सवयीने तोंड खुपसायची, खडा टोचायचा, परत खुपसायची. काकांनी मला भिंग दिलं. सातही मुऱ्यांच्या मिशा झिजल्या होत्या. मिशांनी चाचपूनच ती अन्न शोधते. वहीत प्रत्येकीचं पान होतं. ‘क्रमांक चार : डाव्या बाजूच्या दोन झिजल्या. खाणे कमी.’

काकू म्हणाल्या, “घर गेलं, दार गेलं, अन् ह्यांनी आणून निळ्या खड्यावर बसवलं. मासं म्हणत असतील, ह्याच्यापरीस डबाच बरा व्हता.”

म्हणजे खडे काढून वाळू घालायची होती. एवढंच काम. आमच्या समोरच बांधकाम चालू होतं, रस्त्यावर वाळूचा ढीग होता.

“काका, दोन ओंजळी आणते. कोण विचारतं?”

“कुठली हाय ती?”

“नदीचीच.”

“कुणी दिली त्यास्नी?”

मी ढिगाकडे पाहिलं.

“मुऱ्यांच्याच घरची चोरलेली वाळू त्यांच्याच खाली अंथरायची व्हय? तुझ्याच पत्रकात हाय, कणकण चोरीचा हाय म्हणून. ते वाक्य मी खोडलं नव्हतं.”

आणि म्हणून तो अर्ज.

मी त्यांच्यासोबत कचेरीत गेले होते, म्हणून सांगते. टेबलामागच्या बाबूंनी अर्ज वाचला, दुसऱ्या टेबलाला वाचून दाखवला, तिसऱ्याला बोलावून घेतलं. मग म्हणाले, “काका, वाळू ब्रासमध्ये मिळते. घमेल्यात न्हाई.”

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून वाळू. काकांनी हे गृहीत धरलेलंच होतं. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. “हिशेब करून आणलाय साहेब. शून्य दशांश शून्य शून्य दोन पाच ब्रास.”

“कंप्यूटर एकाच्या खाली घेत न्हाई.”

“मग त्याला कसं शिकवायचं?”

“कोणाला?”

“कंप्यूटरला.”

तिन्ही टेबलं हसली. काकांनी प्रश्न खराच विचारला होता, ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले. त्याच वेळी फाटकासमोरून टिप्पर गेला. ताडपत्री बांधलेली, खालून पाण्याची धार. खिडकीतून मला दिसला, काकांना दिसला. बाबूंनी पंख्याकडे पाहिलं.

“तो बघा,” मी ओरडले, “तो कुठल्या ब्रासमध्ये बसतो?”

“ताई, तुमचं निवेदन मिळालेलंय. त्याच्यावर टप्प्याटप्प्याने कारवाई होणार. काका, तुमच्या अर्जाचाही टप्प्याटप्प्याने विचार होईल.”

टप्प्याटप्प्याने. हा शब्द मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकला की तो नुसता उच्चारला तरी माझ्या कानशिलात गरम व्हायचं. नदी एका रात्रीत खरवडतात, ती थांबवायची मात्र टप्प्याटप्प्याने. काकांचा अर्ज फिरला. एका टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून वरच्या कचेरीत, तिथून ‘आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा’ म्हणून परत पहिल्या टेबलावर. काका दर सोमवारी जायचे, बाकावर बसायचे, सोबत नेलेलं ताक प्यायचे आणि परत यायचे. इकडे क्रमांक चारने खाणं जवळजवळ सोडलं होतं.

वाट काढली ती काकूंनी. एका सोमवारी काका बाकावरून परत आले तेव्हा काकू धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शाळेतल्या उडीच्या खड्ड्यात वाळू हाय की.”

काका दारातच थांबले.

लांब उडीचा तो खड्डा काकांनी स्वतः भरून घेतला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, बैलगाडीने आणलेल्या वाळूने, नदीत यंत्र उतरण्याच्या कितीतरी आधी. दर वर्षी खेळांच्या आधी तो दाताळ्याने सारखा करायचेही तेच. आणि शाळा आता तो बुजवून तिथं फरशी टाकणार होती. मुख्याध्यापिका बाई काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “काका, घेऊन जा ना सगळी. अर्ज कशाला?” काकांनी त्यांच्याच टेबलावर बसून अर्ज लिहिला. बाईंनी हसत त्यावर ‘मंजूर’ लिहून सही केली. काकांनी तो शब्द दोनदा वाचला. घरी येईपर्यंत कागद हातातच होता, खिशात घातला नाही, घडी पडेल म्हणून.

अर्धं घमेलं वाळू आम्ही अंगणात चाळली. काकूंची सपिटाची चाळणी गेली. त्यातून खडूचे तुकडे, केसांचा एक चाप आणि गणवेशाचं पांढरं बटण निघालं. काकांनी चिमूटभर वाळूवर आम्लाचे थेंब टाकले, बुडबुडे येतात का पाहिलं. चुना असला तर पाणी बिघडतं. बुडबुडे आले नाहीत. मग बादलीत घालून हाताने ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, परत पाणी. अकराव्या बादलीत पाणी नितळ राहिलं. ती ओली वाळू तळहातावर घेऊन काका कितीतरी वेळ बसले होते. मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुसऱ्याच दिवशी नांदेडहून फोन आला, काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. काका-काकूंना लगेच निघायचं होतं, आठवडाभर तिथं बहिणीकडे राहायचं होतं. रिक्षा दारात उभी असताना काकांनी माझ्या हातात कागद दिला. साहित्य. कृती. ‘येत्या रविवारी चौथा हिस्सा खडे काढावेत व तेथे वाळू घालावी. दर रविवारी एक हिस्सा. काढलेले खडे फडक्यात बांधून टाकीतच लोंबते ठेवावेत. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. एकूण चार आठवडे.’

“समजलं?”

“समजलं.”

रविवारच्या आदल्या दिवशी आमच्या निवेदनाचं लेखी उत्तर आलं. ‘अवैध उपशावर टप्प्याटप्प्याने आळा घालण्यात येईल.’ मी ते टाकीसमोर बसून वाचलं. समोर क्रमांक चार निळ्या खड्यांत तोंड खुपसत होती. बादलीत वाळू तयार होती. धुतलेली, मंजूर. आणि माझ्या हातात दुसरा कागद, त्यावर चार आठवडे, चार हिस्से. इथेही टप्पे! ज्याचं घर गेलं त्याला घराचा पाव तुकडा द्यायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत थांब म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एका सकाळीत सगळे खडे काढले. मोरीमागे कपडे धुण्याच्या दगडापाशी फेकले. स्पंज काळा झाला होता, तो नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. वाळू पसरली, पाणी स्थिर झालं, आणि सातही मुऱ्या एकदम वाळूत शिरल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. वर फक्त डोळे. मला रडू आलं. मी मनात म्हटलं, बघा रे कचेरीवाल्यांनो, असं करायचं असतं. एका दिवसात होतं.

मंगळवारी पाणी दुधाळ झालं. बुधवारी मुऱ्या वाळूतून निघून वर येऊन हवा गिळायला लागल्या. मी पाणी बदललं. बुधवारी एक गेली. गुरुवारी दोन, शुक्रवारी दोन. क्रमांक चार शुक्रवारी गेली. मी नांदेडला फोन केला नाही. रोज दहा जणांना फोन करून जाब विचारणारी मी, एक नंबर दाबायला घाबरले.

शनिवारी ते आले. काकांच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्यातही मोतीबिंदू, त्याने सगळं धूसर दिसायचं. रिक्षातून उतरून चपला काढून ते सरळ टाकीसमोरच्या खुर्चीवर बसले.

“मला दिसत न्हाई. तू सांग. काय दिसतं?”

मी सुरुवात केली. कचेरीचं उत्तर कसं आलं, त्यात काय लिहिलं होतं, माझा संताप कसा झाला, ह्या लोकांनी सगळ्या जिल्ह्याला कसं –

“निष्कर्ष नको पोरी. निरीक्षण सांग.”

काकू दारात पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पंपाचे बुडबुडे ऐकू येत होते.

“पाच मेल्या,” मी म्हटलं. “तीन अन् सहा जिवंत हायेत. खडे मी एकदम काढले, मोरीमागं दगडापाशी फेकले. स्पंज नळाखाली धुतला.”

काकू बोलल्या. “कचेरीवाल्यांचा राग माशांवर काढलास व्हय? चार आठवडे दम निघाला न्हाई तुला?”

“कागदाच्या मागं लिहिलं व्हतं ना,” काका हळू म्हणाले.

मागे? मी कागद शोधून उलटला. मागच्या बाजूला, त्याच सुबक अक्षरात, कारण लिहिलेलं होतं. ‘खड्यांवर व स्पंजमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव वाढलेले असतात. माशांची घाण तेच पचवतात. खडे एकदम काढल्यास मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरतील. नव्या वाळूवर ते जीव वाढण्यास अवधी द्यावा.’

मी कागद उलटून पाहिलाच नव्हता. आमची पत्रकं एकाच बाजूला छापतात. मागची बाजू कोरी असते, पोरं तिच्यावर चित्रं काढतात. दोन वर्षं पत्रकं वाटून मला कागदाला एकच बाजू असते असं वाटायला लागलं होतं.

त्यानंतर काकांनी एका मिनिटाचा उशीर केला नाही. “शाळेच्या टाकीचा स्पंज जुना हाय. बाईंना सांग, तो घेऊन ये. डब्यात पाण्यातच आण, सुकू देऊ नको. अन् दगडापाशी फेकलेले खडे, ओले असतील तेवढेच, फडक्यात बांध.” मी धावले. बाईंनी कुलूप उघडून दिलं. तो काळाकुट्ट, घाण वासाचा स्पंज मी डब्यात दोन्ही हातांनी धरून आणला, जसा काही त्यात कुणाचा प्राण आहे. आणि होताच. काकूंनी न बोलता आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून दिलं. दोन आठवडे रोज थोडं थोडं पाणी बदललं. तीन आणि सहा जगल्या.

काका माझ्यावर रागावले नाहीत, ह्याचा मला आजही राग आहे. त्यांनी फक्त वही पुढे केली आणि मला सगळं लिहायला लावलं. उद्देश, साहित्य, कृती. निष्कर्षाच्या जागी मी लिहिलं, ‘मी घाई केली.’ त्यांनी खोडलं. “हा निष्कर्ष न्हाई, हा पश्चात्ताप हाय. तो वेगळ्या वहीत लिही.”

ह्यावरून कुणी असं समजू नये की मी कचेरीला माफ केलं. काकांच्या चार आठवड्यांत चार रविवार होते. प्रत्येक रविवारी काय करायचं ते लिहिलेलं होतं, आणि का करायचं तेही. कचेरीच्या टप्प्यांत एकही वार नाही. एक शब्द त्यांनी चोरला, जसा ते नदीचा तळ चोरू देतात, आणि मीही मूर्खासारखी त्या शब्दाचा सूड भलत्याच ठिकाणी घेतला. त्या पाच मुऱ्या मी मारल्या. पण त्यांच्यावर नदी सोडून डब्यात यायची वेळ कुणी आणली, ते मी विसरलेले नाही.

गेल्या वर्षी मुलाने काका-काकूंना पुण्याला नेलं. डोळे आता बरे आहेत, पण तिसऱ्या मजल्यावर मन रमत नाही, असं काकू म्हणतात. टाकी काकांनी नेली नाही. “नदी इकडं हाय,” म्हणाले. जाताना मला दोन वह्या दिल्या, मुऱ्यांची आणि रेघेची. मी अजून त्याच घरात राहते, आणि बरण्यांवर काही चिठ्ठ्या अजून आहेत. काकू फोनवर विचारतात, तिखटाची पडली का गं?

मी रेघेच्या नोंदी तारीखवार उतरवून निवेदनाला जोडल्या. पहिल्यांदाच मथळ्यात कुणाचा बाप काढला नाही. महिन्याने उत्तर आलं. ‘प्रत्यक्ष पाहणीत वाळूची वाहतूक आढळून आली नाही.’

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मी काकांना फोन लावला.

“काका, नाही आढळली म्हणे! आढळली नाही!”

“पाहणी किती वाजता केली?”

मी कागद पाहिला. ह्या वेळी उलटूनही पाहिला. मागे शिक्का होता आणि पाहणीची वेळ. “दुपारी बारा.”

“मग रेघ वाळली असणार. बराबर लिहिलं त्यांनी. त्यास्नी सव्वासहाला बोलव. अर्ज कर.” मग त्यांनी विचारलं, “मुऱ्या?”

“दिसल्या नाहीत.”

“किती वेळ बसलीस?”

मी बसलेच नव्हते. जाता-येता नजर टाकली होती, बस. कचेरीवाल्यांसारखी.

“फोन तसाच ठेव,” काका म्हणाले. “बस.”

मी फोन टाकीशेजारी ठेवला आणि चिमूटभर खाणं पाण्यात सोडलं. वाळू सपाट होती. उडीच्या खड्ड्यातली, कुणा कुणा पोरांनी तुडवलेली ती वाळू. फोनमधून पुण्याच्या स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येत होती. मग एका कोपऱ्यात दोन कण हलले. आधी मिशा आल्या, आखूड, पण होत्या. मग तोंड. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी.

“दोन,” मी म्हटलं. “काका, मिशा वाढल्यात. दोघींच्याही.”

पलीकडून आवाज आला, “वेळ लिही.”

मी लिहिलं. सहा वाजून दहा. शाई वाळायच्या आत बाहेर टिप्पर गेला, खिडकीच्या काचा हादरल्या, दोन्ही मुऱ्या वाळूत गेल्या. मी वही तशीच उघडी घेऊन रस्त्यावर आले.

रेघ ओली होती.